फुलांची परडी

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आम्ही शिरगावच्या मैदानावर रोज सकाळी बायकांचा खो-खो घ्यायचो. त्यांच्यातली एक जण हातातली फुलांची परडी कठड्यावर ठेवायची, पदर खोचायची आणि मग कॉलेजच्या पोरींनाही सापडायची नाही. नाव तिनं कधी सांगितलं नाही.

"घरी देवळात जाते म्हणून सांगितलंय गं. फोटोत मला घेऊ नको," एवढंच म्हणाली होती.

तरी रिपोर्टसाठी काढलेला फोटो मी हौसेनं एरियाच्या ग्रुपवर टाकला. मागे ती होती, धावताना हसणारी. लक्षात येताच डिलीट केला, पण चार दिवस ती आलीच नाही.

आज न राहवून देवळात गेले. ती तिथेच होती, परडी घेऊन. सोबत सासू असावी. मी हसले. तिनं ओळख दिली नाही. त्या बाईंच्या मागोमाग प्रदक्षिणा घालत राहिली, अगदी सावकाश.