उंचावरची तहान

आमचे धाकटे दीर बंदरात क्रेन चालवतात. पायाखालच्या काचेतून खाली बघत कंटेनर उचलायचे आणि ट्रकवर अलगद टेकवायचे. केबिन इतकी उंच, की सोबतचे लोक त्यांना घार म्हणतात. शिडीने वर गेलेली घार पाळी संपल्यावरच खाली येते. वर लघवीची सोय नाही, म्हणून पाणी पिऊन चढायचं नाही हा तिथला अलिखित नियम. जो मधेच उतरतो, त्याचं नाव 'बाळ' पडतं. भाऊजींना आजवर कोणी बाळ म्हटलेलं नाही, आणि याचा त्यांना भारी अभिमान.

कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला, तेव्हा त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला.

"वहिनी, हे जाड अक्षरात काय छापलंय?"

क्रिएटिनिन १.६. त्याच्याखाली, मूत्रपिंडं किती रक्त गाळतात त्याचा अंदाज: ५३.

भांडी पुसणाऱ्या जाऊबाईचा हात थांबला. क्रिएटिनिन हा शब्द आमच्या घराला शिकवावा लागत नाही. सासरे शेवटी डायलिसिसवर होते.

"म्हणजे अर्धी गेली," भाऊजी म्हणाले. "बाबांसारखंच."

"बाबांना साखर होती. तुम्हाला नाही," मी म्हणाले खरी, पण माझाच आवाज मला पटला नाही.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचून बाजूला ठेवला. "रक्त दिलंत तेव्हा पाणी कधी प्यायला होतात?"

"उपाशीपोटी या म्हणाले होते. मग पाणी कसं पिणार?"

"आणि आदल्या दिवशी?"

"आदल्या दिवशी वर होतो."

"दिवसभर खाली बघून मान दुखत असेल. त्यासाठी गोळ्या?"

"एखादी. सगळेच घेतात."

"एखादी?" जाऊबाई म्हणाली. "शेंगदाण्यासारख्या खिशात असतात यांच्या. येता-जाता एक तोंडात."

बाई हसल्या नाहीत. "उपाशी म्हणजे अन्न नाही, पाणी चालतं. अंग सुकलं की हा आकडा वर जातो. शिवाय या दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात. तुमची मूत्रपिंडं खरंच बिघडलीत की नुसती तहानलीत, हे एका आकड्यावरून मी सांगू शकत नाही. गोळ्या बंद. तहानेप्रमाणे पाणी. दोन आठवड्यांनी परत रक्त, आणि लघवीही."

"त्या दिवशी बादलीभर पिऊनच येतो."

"तपासणीला फसवून काय मिळवणार? रोज पिता तेवढंच प्या."

भाऊजींनी रजा टाकली. घरात जो तो पाय न वाजवता चालू लागला. भाऊजी सकाळी उठले की नडगीवर अंगठा दाबून बघत, सुजेने खळगा पडतो का. सासऱ्यांच्या पायाला पडायचा. मी बघतेय हे कळलं, की पायजमा खाली ओढत. मान दुखली तर गरम पिशवी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडत. जाऊबाई पाण्याचा पेला समोर ठेवी आणि रिकामा होईपर्यंत तिथून हलत नसे.

"पहारा कसला देतेस?"

"तुमच्यावर विश्वास ठेवला, म्हणून तर ही वेळ आली."

दुसरा रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघं गेलो. क्रिएटिनिन १.२. भाऊजी उठायलाच लागले.

"बसा," डॉक्टरीणबाई पान उलटत म्हणाल्या. "आकडा उतरला, हे फार चांगलं झालं. पण लघवीत प्रथिन थोडं जास्त जातंय. गाळणी जराशी गळतेय म्हणा."

"म्हणजे बिघडलीच ना?"

"आज 'हो' म्हणणार नाही, 'नाही' असंही म्हणणार नाही. तीन महिन्यांनी परत बघू, मधे रक्तदाब मोजत राहू. तेव्हाही गळत असेल तर औषध सुरू करू. तोवर हे अंग पुन्हा सुकवायचं नाही."

"खाली होतो म्हणून प्यायलो, बाई. उद्या वर जायचंय."

"मग वर काय करायचं, ते तुम्ही ठरवा. ते माझ्या औषधात नाही."

आम्ही घरी परतलो. जिन्यातच थांबून भाऊजींनी साहेबांना फोन लावला.

"उद्या येतोय. पण पाळीत दोनदा खाली उतरणार. तेवढ्या वेळाला बदली माणूस लागेल."

पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं, हसणं मात्र आलं. भाऊजींचे कान लाल झाले.

"हो, बाळच म्हणा," ते म्हणाले. "माणूस देताय का तेवढं सांगा."

उत्तर ऐकून त्यांनी फोन बंद केला. मग खिशात टाकला.

"काय म्हणाले?" जाऊबाईने विचारलं.

"बघतो म्हणाले."

"आणि नाही दिला तर?"

"तर कंटेनर थांबतील," ते म्हणाले आणि जिना चढू लागले.