रेवदंड्यातली लाकडी गाडी

रेवदंड्याहून रंजनाताई नावाच्या एका वाचकाचा मेसेज आला तेव्हा मी दापोलीला निघालो होतो. 'दादा, तुम्ही जुन्या स्पोर्ट्स गाड्यांवर लिहिता ना? बाबांकडे एक आहे. रविवारी पुण्याहून गिऱ्हाईक येतंय. त्याआधी बघून सांगाल, पहिल्या मॉडेलांतली आहे का?' सोबतच्या फोटोत गोणपाटाखालून एक चपटं नाक डोकावत होतं. दापोली गेली उडत.

तुम्हाला जायचं असेल तर गेटवेवरून मांडव्याची बोट धरा, तिकिटातच अलिबागपर्यंतची बस येते. पावसाळ्यात मात्र आधी चौकशी करा, बोटी बंद असतात. अलिबागहून पुढे एसटी किंवा शेअर रिक्षा. रस्ता अरुंद, दोन्हीकडे सुपारीच्या वाड्या. चौलला मी उगाच उतरलो. एक तळं दिसलं म्हणून. तळ्यावर कोणी नव्हतं, देऊळ बंद, आभाळ शेवाळी रंगाचं. तिथेच अर्धी दुपार घालवली आणि मग रेवदंड्यापर्यंत तंगडतोड केली.

रंजनाताईंचे वडील, काशिनाथ नाखवा, होड्या बांधायचे. आता बंदरात सगळ्या फायबरच्या. त्यांच्या हातची एकही होडी पाण्यात उरलेली नाही, हे त्यांनी मला चहाआधीच सांगितलं. मग शेडमध्ये नेऊन गोणपाट ओढलं.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाखवांच्या घरच्यांनी नको म्हटलंय. इंग्लंडमधली छोटी कंपनी. सुरुवात तीनचाकीने केली: पुढे दोन चाकं, मागे एक, इंजिन नाकाबाहेर उघडंच. मग चारचाकी आली. पहिल्या चारचाकींचं रेडिएटर सपाट आणि ताठ उभं, मागे दोन स्टेपन्या. पुढे नाक गोल होऊन मागे कललं आणि स्टेपनीही एकच राहिली. लाकूड मात्र सुटलं नाही. खाली लोखंडी चेसिस, त्यावर लाकडी सांगाडा, त्यावर पत्रा.

माझ्यासमोर सपाट नाक होतं. मागे दोन स्टेपन्या.

"पयल्यातलीच हाय ना?" नाखवांनी विचारलं.

"पहिल्यातलीच, नाखवा. शंभर टक्के."

म्हातारा असा हसला की रंजनाताई दारातून म्हणाल्या, "बाबा, माझ्या लग्नात पण इतके हसला नव्हतात."

"तुज्या नवऱ्याला रेडिएटर कुटं व्हता?"

चौलच्या एका वाडीवाल्या शेठांनी ही गाडी सांगाडा किडला म्हणून नाखवांकडे टाकली. शेठ गेले, मुलांनी 'तुम्हीच ठेवा' म्हटलं. नाखवांनी अख्खा सांगाडा सागवानात नवा केला. मी वाकून पाहिलं. दोन लाकडं जिथे जुळली होती तिथे नखसुद्धा शिरत नव्हतं. पुण्याचा माणूस ही गाडी चालती करून रस्त्यावर काढणार, म्हणजे आपलं एक काम तरी हलताना दिसेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

मग माझं लक्ष तळाकडे गेलं. सगळ्या फटींत कापूस ठासून वर राळ आणि तेल भरलेलं, अगदी होडीसारखं.

"नाखवा, पाणी कुठून जातं?"

"पानी येतंच न्हाय."

"वरून येतं ना. उघडी गाडी आहे, टप फाटलाय. ते बाहेर जायला भोक?"

"होडीला खाली भोक कोन ठेवतं रं?"

मनात आलेली शंका मला दाखवायची नव्हती, पण हात थांबेना. खाली शिरलो आणि चेसिसला स्क्रूड्रायव्हर लावला. तो आरपार गेला. लाकूड ठणठणीत होतं. त्या लाकडाने चेसिसवर धरून ठेवलेल्या पाण्याने खालचं लोखंड खाल्लं होतं.

मी सांगितलं, चेसिस गेलीय, तिच्यावर ही गाडी रस्त्यावर धावणार नाही. नाखवांनी स्वतः वाकून बघितलं, बोट घातलं, बाहेर आलेला गंज लुंगीला पुसला. मग गिरमिट आणून तळाला एक भोक पाडलं. तपकिरी पाणी बराच वेळ गळत राहिलं. आम्ही तिघं बघत राहिलो.

त्या रात्री जेवणात बोंबील आणि तांदळाची भाकरी होती. कोणी फारसं जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पुण्याचे साहेब आले. माणूस सभ्य. चेसिस पाहिली आणि म्हणाले, "नाक, दिवे, पत्रा, चाकं, इंजिन घेतो. माझ्याकडच्या एका गाडीला लागतील."

"आनि सांगाडा?"

"लाकूड काय काका, नवीन करून मिळतं."

दुपारपर्यंत सगळं टेम्पोत चढलं. शेडमध्ये गंजक्या चेसिसवर राहिला नुसता सागवानी सांगाडा, होडी बांधायला घेऊन अर्ध्यात सोडल्यासारखा.

नाखवा मला एसटीपर्यंत सोडायला आले. बस लागलेली. मी म्हटलं, "माफ करा. पण साहेबांना कळलंच असतं."

"व्हय. त्यांना कळलंच असतं." ते समोर बघत होते. "तू खरं सांगितलंस, चुकलं न्हाय. पन पोरा, आजच्याला सांगितलं असतंस तरी चाललं असतं. कालची रात मला झोप लागली असती."

घरी येऊन आठवडा झाला. ब्लॉगवर नाकाचे फोटो टाकले तर नेहमीपेक्षा जास्त लोक आले. ही सुरुवातीचीच ना, सगळ्यांचा एकच प्रश्न. लाकडाच्या सांध्यांचेही फोटो टाकले, त्यावर कोणी काही विचारलं नाही. रेवदंड्याला जाऊन काय बघावं, असंही एकाने विचारलंय. किल्ला आहे, किनारा आहे, बोंबील चांगले मिळतात, असं लिहून दिलं. शेडचा पत्ता दिला नाही. तिथे आता बघायला जाणारा माणूस नाकच शोधणार.