करपलेली भाकर

"कथा जमली, हे कसं ओळखायचं?" असं नवे लिहिणारे विचारतात. मी वैतागून सांगतो, ज्याचे हात कामात आहेत, त्याला वाचून दाखवा. माकणी या आमच्या गावच्या घरी आई चुलीपुढं भाकरी थापायची आणि मी शेजारी बसून माझी नवी कथा वाचायचो. ती कधी चांगली म्हणाली नाही, वाईटही नाही. पण कथा रंगली की तिचे हात थांबायचे आणि तव्यावरची भाकर करपायची. जेवताना वडील तो काळा डाग बघून म्हणायचे, "आज लई चांगलं लिवलंस व्हय रं?"

आता पुस्तकं छापून येतात, लोक भरभरून बोलतात. आई गेल्यापासून आमच्या घरात एकही भाकर करपली नाही.