रांगेखालची रेघ

कॉम्प्युटरताईची, म्हणजे मालतीची, हकिकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. गुजराती मुलखातल्या उधन्याच्या आमच्या खानदेशी मंडळात तिचा विषय निघाला की मी चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर पडत असे. आता मंडळात जुनी माणसं थोडी उरली आहेत. नव्यांना एवढंच माहीत आहे, की मालती नावाच्या एका बाईने वधू-वर मेळाव्यात मुद्दाम घोळ घातला होता. ते खरं नाही. घोळ कसा झाला हे त्या दिवशी दोनच माणसांना ठाऊक होतं, तिला आणि मला. मी मंडळाचा चिटणीस होतो.

तिला कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवल्याशिवाय बोलताच येत नसे. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत बोट सावकाश ओढत न्यायची आणि विचारायची, “आबा, तुम्हले रेघ दिखस का?” पडद्यावर बोटाचा पट्टा उमटायचा. मी रुमालाने पुसायला गेलो की म्हणायची, “पुसा, पुसा. जन्मभर साडीचे काठ तपासलेत ना तुम्ही? मग ह्या पानाचा काठ का दिसत नाही तुम्हाला?” मी साड्या रंगवणाऱ्या-छापणाऱ्या एका प्रोसेस हाउसमध्ये फोल्डिंग खात्यात सुपरवायझर होतो, ते तिने बरोबर लक्षात ठेवलं होतं. टोमणा मारायला तिला माणसाची जुनी नोकरीसुद्धा पुरत असे.

ती रिंग रोडवरच्या एका साडीवाल्याकडे वेबसाइटचं काम करायची आणि आईबरोबर भेस्तानला राहायची. मंडळाच्या वेबसाइटचं काम फुकट. पण फुकट करते म्हणून ऐकून घेणारी नव्हती. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांचे फोन मागून घ्यायची आणि त्यात मंडळाचं पान उघडून बघायची. एकदा तर कार्यालयाखाली लोचो, म्हणजे वाफवलेल्या डाळीचा नाश्ता, विकणाऱ्याचा फोन तिने मागितला. तो बिचारा गुजरातीत म्हणाला, “बेन, मारा लगन थई गया छे.” त्यावर ही म्हणाली, “तमारा थई गया, फोनना बाकी छे.” तिचं म्हणणं असं, की आपण पान एकच लिहितो, पण प्रत्येक ब्राउजर ते आपल्या मनाने मांडतो. ज्याच्या फोनवर ते वाकडं दिसेल, तो आपल्यालाच वाकडं समजेल.

मेळाव्याची यादी तिने टेबलात बसवली होती. प्रत्येक मुलामुलीची एक रांग. रांगेत नाव, गाव, शिक्षण, नोकरी आणि शेवटी शेरा. स्वतःचं नावही तिने त्यात घातलं होतं, शेऱ्यात ‘घटस्फोटित’ असं लिहून. मी हळूच सुचवलं, “शेरा मोकळा ठेव. बोलणी पुढे गेली की सांगू.” ती एकदम ताठ झाली. म्हणाली, “माझ्या पहिल्या लग्नात मुलाकडच्यांनी असंच केलं होतं. पुढे सांगू म्हणाले, आणि मुलाला फिट्स येतात हे मला लग्नानंतर कळलं. आबा, मला पुन्हा लग्न करायचंय. पण असं नाही. उघड लिहून जो येईल तो.” नंदुरबारकडच्या एका विधुर शिक्षकाचं स्थळ तिला सांगून आलंही होतं. मेळाव्याला तो बघायला येणार होता.

मेळावा रविवारी होता. सभागृहात नेट चालत नसे, म्हणून पान मंडळाच्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवून तो तिथे न्यायचा आणि मोठ्या पडद्याला जोडायचा, असं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी कार्यालय बंद करायच्या वेळी तिने त्या कॉम्प्युटरवर पान उघडलं आणि तिचं बोट मधेच थांबलं. “आबा, रेघा गेल्या.”

मी पाहिलं. तिच्या लॅपटॉपवर प्रत्येक रांगेखाली नीट रेघ होती. इथे एकही नव्हती. पांढऱ्यावर नुसती अक्षरं पसरली होती. तिने मला समजावलं. रेघ तिने आख्ख्या रांगेला दिली होती. नवे ब्राउजर ती काढतात, मात्र खान्यांमधली फट मिटवून ठेवावी लागते. हा जुना ब्राउजर रांगेला दिलेली रेघ काढतच नाही. त्याच्यासाठी रांगेतल्या एकेका खान्याला खालून रेघ द्यावी लागते. एरवी तिने ते केलं असतं, पण इतका जुना ब्राउजर आता कोणी वापरत असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“आणि हे बघा,” ती म्हणाली. अध्यक्षांच्या पुतणीची रांग मालतीच्या लगेच वर होती. पुतणीचं शिक्षण लांबलचक, चार ओळी खाली उतरलेलं. मालतीची रांगही तशीच उंच होती; तिचं नाव त्या रांगेत मधोमध होतं, पण शेरा वर चढून बसला होता. मधली रेघ नसल्याने ‘घटस्फोटित’ हा शब्द पुतणीच्याच रांगेच्या शेवटी आल्यासारखा दिसत होता, आणि मालतीचा शेरा मोकळा. मला ते स्पष्ट दिसलं. कोणालाही दिसलं असतं.

“उद्या दुपारी तासभर कार्यालय उघडा,” ती म्हणाली. “इथे बसूनच करावं लागेल. माझ्या घरी हा ब्राउजर नाही.”

त्याच सकाळी मी अध्यक्षांना सांगून बसलो होतो, की काम पुरं झालं, मी स्वतः तपासलं. शनिवारी ते सामान न्यायला येणार होते. त्यांनी हिला तिथे दुरुस्ती करताना पाहिलं असतं तर माझी लाज गेली असती. मी म्हणालो, “किल्ली अध्यक्षांकडे असते.” किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.

रविवारी ती लवकर आली आणि थेट माझ्याकडे आली. “आबा, पाच मिनिटं मला मशीनवर बसू द्या.” पाहुणे जमू लागले होते. मी म्हणालो, “लोक माणसं बघायला आलेत, रेघा नाही. तू बायकांच्या नोंदणीला बस.” ती गेली. मला वाटलं होतं, एवढं बारीक कोण वाचणार?

वाचलं, सगळ्यांनी वाचलं. पुतणीला बघायला आलेल्या शहाद्याच्या मंडळींतला एक मामा उठून उभा राहिला आणि पडद्याकडे हात करून म्हणाला, “ह्या आम्हाला आधी सांगायच्या गोष्टी होत्या.” त्यांच्या पाठोपाठ आणखी दोन घरं उठली. पुतणी पहिल्या रांगेत बसली होती. तिने पदर तोंडावर घेतला.

अध्यक्षांनी मालतीला सभागृहाशेजारच्या खोलीत बोलावलं. आम्ही पाच-सहा जण होतो, दार लोटलेलं. “स्वतःचं झाकलंस,” ते म्हणाले, “आणि माझ्या पोरीच्या कपाळी लावलंस.”

“काका, शेरा माझ्याच रांगेत आहे. मंडळाच्या कॉम्प्युटरवर रांगांच्या रेघा दिसत नाहीत, म्हणून तो वरचा वाटतो. माझ्या लॅपटॉपवर बघा.”

“तुझ्या लॅपटॉपवर तू म्हणशील ते दिसेल.”

“मग आबांना विचारा.” तिचा आवाज अजून शांत होता. “शुक्रवारी त्याच मशीनवर मी त्यांना दाखवलंय. मी दुरुस्तीला वेळ मागितला होता.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अध्यक्ष म्हणाले, “काय हो आबा?”

मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. बाहेर सभागृहात खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. मी म्हणालो, “कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, साहेब.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. एखादं पान आपल्याला वाटलं त्यापेक्षा वेगळंच उघडलं की ती जशी बघत राहायची, तशी. मग “बरं,” म्हणाली, पर्स उचलली आणि लोटलेलं दार उघडून भरल्या सभागृहातून एकटी चालत गेली. नंदुरबारचा शिक्षक मागच्या बाकावर होता. त्याच्याजवळ ती थांबली नाही आणि तोही उठला नाही. संध्याकाळी त्याच्या भावाने मंडळात फोन केला, की अशा बाईशी आम्हाला सोयरीक नको. तो फोन मीच घेतला. तेव्हाही मी ऐकून घेतलं आणि ठेवून दिला.

पुतणीचं पुढे चांगलं झालं, अध्यक्षांनी शहाद्याला जाऊन ती अविवाहित असल्याचे कागद दाखवले. मालतीसाठी कोणी कुठे गेलं नाही. ‘स्वतःचं झाकणारी’ हे नाव तिला चिकटलं, सगळ्यांत उघड लिहिणाऱ्या बाईला. साडीवाल्याकडे आमच्याच समाजाची दोन माणसं होती. तिथेही ते पोचलं आणि तिने नोकरी सोडली. नंतर कानावर आलं, की कामरेजच्या बाजूला कुठेतरी काम करते.

मेळाव्यानंतरच्या सोमवारी मी कार्यालयात एकटाच त्या कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. तिने सांगितलं होतं तसं, एकेका खान्याला रेघ देता येते का ते बघत होतो. माझ्याने ते झालं नाही. झालं असतं तरी दाखवणार कोणाला?

वर्षभराने मी भेस्तानला गेलो. वाक्य मनात तयार होतं: मालती, मला दिसलं होतं, मी खोटं बोललो, आणि हे मी मंडळाच्या सभेत उभं राहून सांगणार आहे. दार तिच्या आईने उघडलं. त्यांनी मला ओळखलं. आत जाऊन पाण्याचा पेला आणला आणि उंबऱ्यातच माझ्या हातात दिला.

“ती कामावर गेलीय,” त्या म्हणाल्या. “मंडळाचं कोणी आलं तर पाणी द्यावं, पण बसवू नये, असं सांगून ठेवलंय तिने.”

मी पाणी प्यायलो. पेला परत दिला. त्या दार धरून उभ्या राहिल्या.

“काही निरोप द्यायचा का तिला?”

“आबा येऊन गेले म्हणून सांगा,” मी म्हणालो.

“एवढंच?”

“एवढंच.”