वासावरचं मीठ

सासूबाईंनी मटण सोडलं त्याला त्या वर्षी अकरा वर्षं झाली होती. मामंजी गेले, गोडाचं जेवण झालं आणि त्यांनी सांगून टाकलं की आपलं मटण ह्यांच्याबरोबर संपलं. त्यांच्यावर कुणी सक्ती केली नव्हती. उलट मी भांडले. म्हटलं, "आई, मामंजींनी आजारपणातसुद्धा रस्सा मागून घेतला होता, त्यांना हे चाललं असतं का?" त्या पीठ मळत राहिल्या. बाई एकदा गप्प झाल्या की झाशीचा किल्ला बोलता करणं सोपं.

पण सोडलं ते खाणं, रांधणं नाही. दर रविवारी मटण त्याच करायच्या. आमचे कुणी पूर्वज लढाईच्या निमित्ताने इकडे झाशीला आले आणि इथेच राहिले. घोडी गेली, तलवारी गेल्या, पण आमच्याकडे आठ बाय दहाच्या स्वयंपाकघराला अजून मुदपाकखाना म्हणतात. त्या मुदपाकखान्यात रविवारी सकाळी मला फक्त कांदा चिरायची परवानगी. बोकड मोठ गावच्या बाजारचा आहे की नाही हे त्या पिशवी उघडल्या उघडल्या सांगायच्या. मसाला किती परतला, मांस कुठवर शिजलं, सगळं नाकाने. झाकण उचलायचं, मान थोडी तिरकी करायची, वास घ्यायचा आणि झाकण ठेवायचं. कुणी विचारलं, न चाखता कसं हो जमतं, तर म्हणायच्या, "नैवेद्याचं पुरण कोण चाखतं? ते बिघडतं का कधी?"

झाशीतल्या आमच्या सगळ्या मराठी घरांत त्यांच्या मटणाचं नाव होतं. मऊरानीपूरचे पाहुणे तर रविवार बघूनच यायचे.

आता खरं सांगते. त्या मटणात मीठ कमी असायचं. अळणी नाही, पण कमी. पहिल्याच रविवारी माझ्या लक्षात आलं. हे आणि मुलगी जेवायला बसायच्या आत, आई हातपाय धुवायला मागे गेल्या की मी पातेल्यात चमचाभर मीठ टाकायचे आणि ढवळून ठेवायचे. अकरा वर्षं हे केलं. कुणाला सांगितलं नाही, अगदी ह्यांनासुद्धा. सगळे बोटं चाटत त्यांचं कौतुक करायचे आणि मी खाली मान घालून वाढायचे. कधी राग यायचा, नाही असं नाही. पण सांगणार कसं? ज्या बाईने जीभ बांधून घेतली, तिला तुमचं नाक चुकतं म्हणून सांगायचं? माझ्याच्याने ते झालं नसतं.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मुलीने हट्ट धरला की ह्या वेळी बाहेर जेवायचं, आणि तेही छावणीकडच्या जुन्या हॉटेलातल्या स्टेक हाउसमध्ये. तिथे फौजेचे अफसर जायचे. आम्ही आपले पंचवीस वर्षं त्याच्या फाटकावरून स्कूटरने जात होतो. ह्यांनी आधी कुरकुर केली, मग कोट इस्त्रीला दिला. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "मी येते. मला बघायचंय लोक एवढं काय खातात तिथे."

रविवारची दुपार होती. आत शिरलो आणि माझा आवाज आपोआप खाली आला. बाहेर टांग्यांचा आणि टेम्पोंचा कालवा, आणि आत चमच्याचा आवाजसुद्धा जपून. टेबलावरची चादर इतकी कडक की कोपऱ्याला बोट लावायची भीती वाटावी. वाढणाऱ्या वयस्क भैयांनी आईंची खुर्ची मागे ओढली. आईंना वाटलं त्यांना ती दुसरीकडे हवी आहे, म्हणून त्या बाजूला होऊन उभ्या राहिल्या. त्या माणसाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. "आपके लिए ही है, माताजी," म्हणाले आणि त्या बसेपर्यंत वाकून थांबले. मला तो माणूस तिथेच आवडला.

आम्ही तिघांनी स्टेक मागवला. तिथे स्टेक म्हणजे बोकडाच्या मांडीचा जाड आडवा काप, कच्च्या पपईत मुरवून, सुरीच्या पाठीने ठेचून भाजलेला. आईंनी टोमॅटोचं सूप आणि पाव मागवला. "आजी, मेन्यू तो देखो," असं मुलगी म्हणत होती, तिला त्यांनी हातानेच गप्प केलं.

ताटल्या आल्या त्या चर्र आवाज करतच. लाकडी फळीवर तापलेला लोखंडी तवा, त्यावर तो काप, बाजूला बटाटा आणि फरसबी. धूर सरळ आईंच्या तोंडावर गेला. त्यांनी मान तिरकी केली. मला ती मान ओळखीची होती.

"भैया," त्या म्हणाल्या, "इसमें नमक कम है."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मुलगी टेबलाखाली जायच्या बेतात होती. एक घास कुणी खाल्ला नव्हता आणि ही सूप पिणारी बाई अफसरांच्या खानसाम्याच्या मिठाची खोड काढत होती. भैया "जी" म्हणून आत गेले. मी घाईघाईने तुकडा तोंडात टाकला. मीठ कमीच होतं. हे बघून मला आनंद व्हायला हवा होता, पण मी मनात म्हटलं, बाई गं, मग घरचं कसं कळत नाही तुम्हाला?

आतून खानसामे स्वतः बाहेर आले. सत्तरीचे असतील, पांढरी दाढी, पांढरा कोट, हाताला भाजल्याचे जुने डाग. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी आईंना आदाब केला. वडिलांपासून छावणीच्या मेसमध्ये हेच काम आहे म्हणाले. मग विचारलं, "अम्मा, कम है, मान लिया. कितना कम है?"



किती, ह्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. अकरा वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या टेबलाच्या चादरीवरून हात फिरवत राहिल्या. त्या म्हाताऱ्याला आमच्या घरातलं काय ठाऊक? खानसाम्यांनी भैयांना खूण केली. आतून नवी ताटली आली. त्यांनी स्वतः सुरीने एक कोपरा कापला, छोट्या बशीत घेतला आणि दोन्ही हातांनी आईंपुढे धरला. "चखकर बताइए. पकाने वाले को पकाने वाला ही बताएगा."

हे काहीतरी बोलायला लागले. मी त्यांचा पाय दाबला. मला अकरा वर्षं भांडून, रुसून, रडून जे जमलं नाही ते हा माणूस काम म्हणून मागत होता, आणि मला वाटत होतं देवा, हे होऊ दे. त्याच वेळी मला घरचं पातेलं आठवलं. आज आईंनी जीभ सोडली तर पुढच्या रविवारी घरचंही चाखतील. मग कळेल की आपलं मटण अकरा वर्षं कमी पडत होतं आणि सून मागून मीठ टाकत होती.

आईंनी काटा बाजूला सारला. बोटांनी तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिल्या. बराच वेळ. तो म्हातारा तसाच बशी धरून उभा.

"दो चुटकी," त्या म्हणाल्या. "और पपीता आधा घंटा ज़्यादा रह गया. रेशा टूट गया है."

खानसामे हसले. असं हसणं मी फक्त दोन गवयांमध्ये पाहिलंय. "पपीते वाली बात मेरे वालिद के बाद आज किसी ने पकड़ी," म्हणाले. ते आत गेले आणि दोन चिमट्यांचा हिशेब घालून दुसरा काप स्वतः घेऊन आले. आईंनी तो सगळा खाल्ला. पावाने तवा पुसून खाल्ला. आम्ही तिघं खाली बघून आपापलं जेवत होतो, कारण वर बघितलं असतं तर मी रडले असते. परत जाताना त्या टांग्यात एवढंच म्हणाल्या, "माणूस गुणी आहे हो." त्यांच्या तोंडून हे मी आजवर दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलेलं नाही.

तो आठवडा माझा कसा गेला ते विचारू नका. गुरुवारी वाटलं सांगून टाकावं. शुक्रवारी वाटलं माहेरी जावं.

रविवार उजाडला. आईंनी मटण चढवलं. कांदा मी चिरला, जरा जास्तच. तासाभराने त्यांनी झाकण उचललं, वास घेतला, आणि मग डाव घालून तळहातावर रस्सा घेतला. चाटला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी.

त्यांनी मिठाची बरणी ओढली, चमचाभर मीठ घातलं, ढवळलं. बरोबर तेवढंच, जेवढं मी टाकायचे.

"आज तू घालू नकोस," त्या म्हणाल्या.

मी चौकट सोडून आत आले. विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी मागे हातपाय धुवायला जायचे ते कशाला? दर रविवारी पाय मळत होते का माझे?" त्या डाव पुसत होत्या. "वासाने कमी आहे एवढं कळतं गं. किती, ते जीभच सांगते. जास्त पडलं तर काढता येत नाही, म्हणून मी कमीच घालायचे आणि बाजूला व्हायचे. तुझी जीभ चांगली आहे हे मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं."

मी तिथेच पाटावर बसले आणि रडले. त्यांनी रडू दिलं. मग वाटीत एक नळीचं हाड आणि रस्सा घातला. नळी आमच्याकडे मामंजींची, ते गेल्यावर ह्यांची, मला ती पंचवीस वर्षांत कधी मिळाली नव्हती. वाटी माझ्या हातात दिली.

"खा," म्हणाल्या, "आणि मीठ कसं झालंय ते सांग."