रोस्विटाच्या बंदुकीचा दस्ता

आमच्या फेरलाख गावात बंदुका बनवणाऱ्याच्या घरी मूल जन्मलं की बाप त्याच्या नावाने अक्रोडाची फळी माळ्यावर वाळत टाकतो. मूल शिकारीची परीक्षा पास झालं की त्याच फळीतून त्याच्या बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकायचा लाकडी भाग, करायचा. ओटमारने लेकीसाठी, रोस्विटासाठी, थेट बुंध्याजवळची फळी निवडली होती. मुठीच्या जागी रेषा सरळ, म्हणजे मोडायची भीती नाही, आणि मागच्या भागात काळपट लाटांची नक्षी. मी त्याच्याच कारखान्यात बंदुकीच्या पोलादावर हरणं कोरतो. इतकी देखणी फळी मी दुसरी पाहिली नाही.

रोस्विटा परीक्षा पास झाली आणि त्याच हिवाळ्यात तिचे स्नायू झिजायला लागले. डॉक्टरांनी हात टेकले. ओटमारने पटाशी उचलली.

दस्ता अंगाला बसतो का, हे बघायची आमची रीत साधी आहे. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. नजर सरळ नळीवरून गेली पाहिजे. रोस्विटा डोळे उघडायची तेव्हा नळी खाली झुकलेली असायची.

"दस्ता जड झालाय," ओटमार म्हणायचा आणि पुन्हा तासायला बसायचा. गाल टेकायचा उंचवटा तिने हौसेने मागून घेतला होता, तो गेला. मग लाकूड आतून पोखरलं. मग मूठ बारीक केली. ते लाकूड भुशात जाताना बघून माझा जीव तुटायचा.

"अरे गाढवा, दस्ता करतोयस की दात कोरायची काडी?" मी एकदा ओरडलो. तो तासतच राहिला.

मागच्या आठवड्यात तो तिला चाकाच्या खुर्चीतून कारखान्यात घेऊन आला आणि त्याने वाकून बंदूक तिच्या मांडीवर ठेवली. "बाबा, माझ्यावर वाकायचं असेल तर आधी मिशी कापा, टोचते," ती म्हणाली. मी हसलो. तिने डोळे मिटले आणि बंदूक उचलायला गेली. बंदूक मांडीवरून हललीसुद्धा नाही.

ओटमारचा हात कानशीकडे गेला.

"बाबा, राहू द्या. लाकडाचा काही दोष नाही. मीच संपत चाललेय."

"माहितीये गं मला," तो म्हणाला. "पहिल्यापासून माहितीये. पण मला दुसरं काही करताच येत नाही."

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं.

"मग तासा," ती म्हणाली.