सतरा नंबरचा खिळा

बांधून तयार केलेले गळ ठेवायला जुन्या हवाई चपलेसारखी दुसरी वस्तू नाही. बरंच काही करून पाहिल्यावर मी हे सांगते आहे. थर्माकोल चुरतो, पुठ्ठा ओल धरतो आणि काडेपेटीत कोंबलेल्या नायलॉनच्या दोऱ्याला कायमचे मोड पडतात. चपलेचा तळ बोटभर रुंद पट्ट्यांत कापायचा, दोन्ही टोकांना खाच द्यायची, दोरा सैल गुंडाळायचा आणि गळाचं टोक रबरात रोवायचं. त्याआधी सगळं सावलीत वाळवायचं. ओला गळ आठ दिवसांत गंजतो.

बाबा निवृत्त झाल्यावर गरी खेळू लागले. गळानं मासे धरण्याला इकडच्या बोलीत गरी खेळणं म्हणतात आणि आमच्या घरच्या मराठीतही तोच शब्द होता. हातभर दोरा, त्याला गळ, शिशाचा मणी आणि मोराच्या पिसाची तरंगणारी काडी, एवढं ते घरीच बांधून ठेवत. अशा एका बांधणीला ते सेट म्हणत. तलावावर पोचलं की सेट काठीच्या दोऱ्याला जोडायचा, बास. पण हे सगळे सेट एकाच बिस्किटाच्या डब्यात पडलेले असत आणि पहिला तास डब्यातला गुंता सोडवण्यात जाई.

एका रविवारी मी डबा उपडा केला. चोवीस सेट निघाले. प्रत्येक पट्टीवर आणि प्रत्येक काडीवर नंबर घातला, वरून पारदर्शक नेलपॉलिश लावलं, आणि व्हरांड्यातल्या दारामागे प्लायवुडच्या फळीवर चोवीस खिळे ठोकून पट्ट्या टांगल्या. शेजारी यादी लावली: कोणता सेट रोहूचा, कोणता टेंगन्याचा, काठी, पिशवी, टोपी, बूट.

"तू तं अख्ख्या घराचं स्टोर करून टाकलं माय," बाबा म्हणाले.

"अन् तुमी तिथं तासभर गुंता सोडवत बसता ते?"

"गुंता सोडवनं बी गरी खेळनंच हाये."

मग त्यांचं हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी एकट्यानं तलावावर जायला मनाई केली. आई रडली, बाबा दोन महिने गप्प बसून राहिले, आणि शेवटी मधला मार्ग त्यांनीच काढला. ते आयुष्यभर प्लांटमध्ये मिलच्या मेंटेनन्सला होते. तिथं मशीनमध्ये शिरणारा माणूस आधी स्विचवर आपला टॅग लावतो. टॅग दिसतोय तोवर माणूस आत आहे असं धरायचं आणि स्विचला हात लावायचा नाही. बाबांनी पितळेच्या पत्र्याचं एक गोल टोकन कापलं, कानशीनं कडा घासल्या आणि फळीच्या वर पंचविसावा खिळा ठोकला. तो घरचा खिळा. बाबा घरी असले की टोकन तिथं. गरी खेळायला निघाले की ज्या नंबरचा सेट नेला त्या रिकाम्या खिळ्यावर टोकन. एक वाजून गेला तरी ते तिथंच असलं, तर घरी असेल त्यानं तलावावर जाऊन पाहायचं. मोबाइल एकदा पाण्यात पडल्यापासून ते तो नेत नसत.

"एक गोष्ट ध्यानात ठेवा," ते आम्हा दोघींना म्हणाले, "ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं हात लावाचा नाई."

मी त्याच प्लांटच्या ऑफिसात टॅगचं रजिस्टर ठेवते. मला हे सांगायची गरज नव्हती.

बाबांची एक खोड मात्र होती. ते परत येत, हातपाय धुवून जेवत, झोपून जात, आणि टोकन तिकडेच विसरत. दोनदा मी ऑफिसातून येऊन धावत तलावाकडे निघाले आणि आईनं मागून हाक मारली, "अवं थांब, ते आत घोरून राहिले ना!" मी चिडायचे. ते हसायचे.

तो शनिवार होता, माझा अर्धा दिवस. आई सकाळीच मावशीकडे मोहन नगरला गेली होती. मी दीडच्या सुमारास घरी आले. दाराला लॅच आहे, तिघांकडे तीन किल्ल्या होत्या. आत आले तर टोकन सतरा नंबरच्या खिळ्यावर. दाराशी बाबांच्या चपला होत्या. त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, ते दुपारी असंच असे. आले, झोपले आणि पुन्हा विसरले, असं माझ्या मनानं धरलं. सेट ओला असेल म्हणून पिशवीतच राहिला असेल, हेही धरलं. मी टोकन सतरावरून काढलं आणि घरच्या खिळ्यावर लावलं.

तलावावर ते कॅनव्हासचे बूट घालून जात. यादीत मीच लिहिलं होतं: बूट.

तीनला आई आली. तिनं चप्पल काढायच्या आधी फळीकडे पाहिलं. "घरीच हायेत वाटते आज."

"झोपले असन," मी म्हणाले.

मग आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात बसून मटार सोलले. मावशीच्या सुनेबद्दल बोललो, हसलोही. पण हळू आवाजात, बाबांची झोप मोडू नये म्हणून. कुकरची शिट्टी होईल म्हणून आईनं डाळ नंतर लावू म्हटलं. पाच वाजता ती चहा घेऊन खोलीत गेली. चादरीला एक सुरकुती नव्हती.

बाबा तलावाच्या काठी बाभळीला टेकून बसलेले सापडले, टोपी डोळ्यांवर. पलीकडच्या काठावरच्यांना वाटलं होतं, बाबूजींना डुलकी लागली. काठी जमिनीत रोवलेल्या दुबेळक्यात उभी होती, दोरा पाण्यात. कुणीतरी ओढला तेव्हा खाली अडकून तुटला. किती वाजता झालं असावं, हे डॉक्टरांना मी विचारलं. दुपारी, एवढंच ते म्हणाले. दुपार केवढी मोठी असते ते मला तेव्हापासून माहीत आहे.

चौथ्या दिवशी आई फळीपुढे उभी राहिली. "पाहा, टोकन घरच्या खिळ्यावर ठेवून गेले. मले फसवून, चोरून गेले."

आज सांगू, उद्या सांगू करत तीन वर्षं गेली. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगे. त्यांच्या फोटोला फूल वाहताना म्हणे, "शब्द देऊन मोडला तुमी." मी शेजारी उदबत्ती धरून उभी असे. एरवी दर महिन्याला सेट उतरवून गळांना खोबरेल लावायची, पट्टी झिजली तर नवी कापायची. सुपेल्याच्या बाजारातून नवे गळ आणले नाहीत. यादीत सतरा नंबरपुढे मीच 'बाहेर' असं लिहून ठेवलं होतं आणि मला ते खोडता येत नव्हतं.

गेल्या मे महिन्यात तलाव आटला. बाबांच्या शेजारी बसून गरी खेळणारा एक म्हातारा दुपारी दारात आला. हातात चिखल वाळलेला दोरा, त्याला पिसाची काडी.

"बाबूजी के गरी हे, दीदी. पानी उतरिस त मिलिस." पाणी उतरल्यावर सापडली म्हणाला.

नेलपॉलिशखाली सतरा आकडा स्वच्छ दिसत होता. गळ गंजून काडीसारखा झाला होता. बाबांनी मारलेली गाठ मात्र तशीच होती.

आई आतून आली. तिनं सेट पाहिला आणि त्या म्हाताऱ्याला म्हणाली, "चोरून गेलते त्या दिवशी. मले सांगतलं असतं तं मी गेली नसती बहिणीकडे."

"सांगितलं होतं आई," मी म्हणाले. "टोकन सतरावरच होतं. मी काढलं."

म्हाताऱ्याला मराठी कळलं की नाही माहीत नाही. त्यानं हात जोडले आणि तो निघून गेला.

आईनं विचारलं, "किती वाजता?"

"दीड."

तिनं बोटांवर मोजलं. दीड, अडीच, साडेतीन, साडेचार, पाच. मग ती व्हरांड्यात गेली. घरच्या खिळ्यावरचं टोकन तिनं काढलं, पदरानं पुसलं आणि सतरावर लावलं.

"आता हात लावू नको," ती म्हणाली. "ज्याचं त्यानं काढावं."

त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. बाबांच्या फोटोशी मात्र तिचं भांडण थांबलं. सेट मी वाळवला, पट्टीवर गुंडाळला आणि त्याच खिळ्यावर टोकनाच्या मागे टांगला. यादीत सेटपुढे 'परत' लिहिलं. आता चोवीसच्या चोवीस भरले आहेत, पण टोकन सतरावरच आहे.

आणि दुपारी तीन ते पाच आम्ही दोघी अजूनही हळू बोलतो. डाळ आई पाचनंतरच लावते.